ग्रँट डफची तळटीप आणि कीर्तन्यांचा प्रश्न

इतिहासविषयक लहानशा निबंधात विद्यार्थ्याने तळटिपा देण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न अध्यापकवर्गातही अधूनमधून विचारला जातो. दहाबारा पृष्ठांच्या निबंधात नवे संशोधन असण्याचा संभव थोडा. त्यातील बहुतेक मजकूर छापील ग्रंथांतूनच आलेला असावयाचा. तेव्हा शेवटी चारदोन ग्रंथांची नावे दिली म्हणजे पुरे, असे या मताचे सार आहे. तळटीप हा मोठ्या ग्रंथाचा आणि नाणावलेल्या संशोधकाचा अलंकार होय, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. मराठी इतिहासलेखनाचा वृत्तान्त मात्र नेमका याच्या उलट साक्ष देतो. मराठ्यांच्या इतिहासात तळटिपेविषयीचा पहिला गाजलेला प्रश्न एका विद्यार्थ्याने उपस्थित केला, आणि तोही तरुणांच्या सभेत वाचण्यासाठी लिहिलेल्या एका निबंधातून.

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात सातारा येथे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारातील कागदपत्रे, पेशव्यांच्या दप्तरातील लेख, इंग्रजांच्या वखारींतील पत्रव्यवहार आणि जुन्या घराण्यांच्या संग्रहांतील बखरी इतके साहित्य त्याच्यापूर्वी कोणाही इतिहासकाराच्या हाती एकत्र आलेले नव्हते. या सामग्रीवरून त्याने स्वदेशी परतल्यावर लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर १८३० च्या सुमारास ‘मराठ्यांची बखर’ या नावाने निघाले. ‘हिस्टरी’ या शब्दास त्या वेळी ‘बखर’ हाच प्रतिशब्द सुचावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बखर सांगते, ती आधार दाखवीत नाही. डफचा ग्रंथ आधार दाखवणारा होता, आणि भेद नेमका तेथेच होता.

डफच्या पृष्ठांच्या तळाशी टिपा आहेत. कोठे ‘मराठी हस्तलिखिते’, कोठे ‘इंग्रजी दप्तर’, कोठे खाफीखान, कोठे ऑर्म असा निर्देश तो करतो. काही हस्तलिखितांविषयी तर तो आणखी एक पाऊल पुढे जातो. त्यांच्या प्रती आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या आहेत, असे त्याने टिपेत नमूद केले. ही संस्था १८०४ साली स्थापन झालेली. पुढे तीच रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. डफच्या या विधानाचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. आपण अमुक बखर वाचली, एवढे सांगून तो थांबत नाही. ज्याला शंका येईल त्याने मुंबईस जावे, प्रत मागून घ्यावी आणि ताडून पाहावे, असे तो आपल्या वाचकाला सांगत आहे. तळटिपेचा धर्म याहून वेगळा नाही.

हा धर्म गांभीर्याने घेतला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी. १८६७ साली ते पुण्यात कॉलेजचे विद्यार्थी होते. पूना यंग मेन्स असोसिएशन या तरुणांच्या सभेपुढे त्यांनी डफच्या इतिहासावर टीकात्मक निबंध वाचला. तो दुसऱ्या वर्षी ‘इंदुप्रकाश’ पत्रातून प्रसिद्ध झाला आणि पुस्तिकारूपानेही निघाला. त्या काळी डफचा ग्रंथ हा मराठ्यांच्या इतिहासाचा अखेरचा शब्द मानला जात असे. राज्यकर्त्यांच्या एका अधिकाऱ्याच्या अशा ग्रंथावर विशीतल्या विद्यार्थ्याने टीका करावी, हे साहस खरेच. परंतु त्या टीकेतील टिकाऊ अंश साहसात नाही. डफच्या निष्कर्षांवर कीर्तन्यांनी घेतलेले आक्षेप पुढच्या संशोधनाने काही मान्य केले, काही मागे टाकले. टिकला तो त्यांचा साधा प्रश्न: सोसायटीकडे ठेवलेल्या त्या प्रती कोठे आहेत?

प्रती मिळाल्या नाहीत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मराठी बखरींवरील आपल्या इंग्रजी निबंधात या प्रकरणाची आठवण नोंदवली आहे. हा निबंध न्यायमूर्ती रानड्यांच्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील १९०० सालच्या ग्रंथाला परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. तेलंग स्वतः मुंबई शाखेचे अध्यक्ष होते. त्यांनाही त्या प्रतींचा माग लागला नाही. दरम्यान डफचे कागद जाळून टाकण्यात आले, अशी वदंता महाराष्ट्रात पसरली आणि पुष्कळ वर्षे ती चालत राहिली. येथे थोडे थांबावयास हवे. प्रती जागेवर नाहीत, हे पाहून सांगितलेले विधान होते. कागद जाळले, हे ऐकून सांगितलेले. पहिल्याला तळटीप देता येते. दुसऱ्याला देता येत नाही. असे असूनही लोकांच्या तोंडी राहिले ते दुसरेच. देशाभिमानाच्या भरात आधाराची मागणी करणाऱ्यांनीच आधारावाचून आरोप फिरवावा, हा या प्रकरणातील बोचणारा भाग आहे, आणि तो दृष्टिआड करून कीर्तन्यांचा गौरव करणे न्याय्य होणार नाही.

या एका प्रश्नामुळे पुढचे सारे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु नंतरच्या पिढीने जो मार्ग स्वीकारला तो या प्रश्नाच्या उत्तरासारखा आहे, यात संशय नाही. दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली प्रत नाहीशी होऊ शकते. छापून शेकडो घरांत गेलेली प्रत नाहीशी होत नाही. १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू केले; त्यातून बखरी टिपांसह छापल्या जाऊ लागल्या. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ पासून पटवर्धनी दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा हा खंड; मालेचे एकंदर २२ खंड झाले. प्रत्येक पत्राला त्यांनी लेखांक दिला. वरवर पाहता ही मुद्रणाची सोय दिसते. परंतु पृष्ठांक आवृत्तीबरोबर बदलतो, लेखांक बदलत नाही. म्हणून आजही राजवाड्यांचा आधार देताना खंड व लेखांक सांगण्याची रीत आहे. १९१० साली राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तेथील पाक्षिक सभांतून वाचली जाणारी टिपणे आकाराने बहुधा विद्यार्थ्याच्या निबंधाएवढीच असत. एक कागद, त्याचे स्थान, त्याचा काळ आणि त्यावरून निघणारी एखादी गोष्ट, एवढाच त्यांचा पसारा. मराठी संशोधनाचा पुष्कळसा भाग अशा चार पानी टिपणांवर उभा आहे. आणि त्यांतली जी टिपणे आज उपयोगी पडतात ती सारी आपला कागद कोठला हे सांगणारी आहेत.

आधार सांगण्याची ही वृत्ती आपल्याकडे केवळ इंग्रजी शिक्षणाने आली, असा एक समज आहे. पृष्ठाच्या तळाशी आकडा घालून टीप देण्याची पद्धत छापखान्याबरोबर आली, हे खरे. परंतु कोणाचे म्हणणे कोणाकडून आले हे नोंदवण्याची गरज मराठीला तिच्या आरंभकाळापासून जाणवलेली आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या त्या व्यक्तीकडे जाऊन गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत गेली. अनुयायांनी आपापल्या स्मरणातून पाठ पुन्हा उभा केला, आणि स्मरणे जेथे जुळली नाहीत तेथे भेद बुजवून न टाकता तो कोणाचा हे नोंदवले. हिराइसेचा पाठ, अमक्याची ‘वासना’, तमक्याचा ‘शोध’ असे निर्देश हस्तलिखितांतून आढळतात ते यामुळे. एका लीळेविषयी दोन आठवणी असल्या तर दोन्ही ठेवावयाच्या आणि प्रत्येकीला तिच्या धन्याचे नाव द्यावयाचे, ही शिस्त सातशे वर्षांपूर्वीची आहे.

दप्तरी मराठीत हीच गरज निराळ्या शब्दांनी भागवली जात असे. ‘मजकूर’ म्हणजे मूळ अरबीत ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’. ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’ या प्रयोगांत तो अर्थ जसाच्या तसा आहे; लिहिलेला भाग या अर्थाचा आजचा ‘मजकूर’ त्यातूनच निघाला. ‘सदरहू’ हा शब्द वर आलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो. ‘कित्ता’ म्हणजे मुळात तुकडा. बाराखडी गिरवण्याचा कित्ता सर्वांस ठाऊक आहे, परंतु हिशेबाच्या यादीत ‘वरीलप्रमाणेच’ या अर्थाने तो सर्रास येतो, आणि जुन्या मराठी ग्रंथांच्या टिपांतही लागोपाठ त्याच ग्रंथाचा आधार द्यावयाचा असता ‘कित्ता’ असे छापलेले दिसते. पुढे संस्कृतनिष्ठ परिभाषेने त्याच्या जागी ‘तत्रैव’ आणले. अर्थ नेमका, पण विद्यार्थ्याला तो शब्द परका वाटतो आणि ग्रंथाचेच नाव समजून तो उतरून घेतो, असेही घडते. ‘कित्ता’ टिकला असता तर फारसे बिघडले नसते.

आता विद्यार्थ्याच्या निबंधाकडे वळावयाचे. विषय पानिपतचा घेऊ. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ या दिवशी झाली. याला तळटिपेची गरज नाही, कारण याविषयी कोणाचा वाद नाही. सर्वमान्य गोष्टींना टिपा लावून पृष्ठाचा तळ भरणारा विद्यार्थी कष्टाळू दिसतो, पण वाचकाचे काही साधत नाही. टीप हवी ती जेथे वाचक ‘हे कशावरून?’ असे विचारील तेथे. सैन्याचा आकडा, एखाद्या सरदाराच्या वर्तनावरील ठपका, कोणाच्या तोंडी घातलेले वाक्य ही तिची स्थाने होत.

पानिपतच्या प्रत्येक निबंधात हमखास येणारा एक मजकूर आहे. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असता वाटेत हाती आलेले सावकारी पत्र, आणि त्यात मोत्ये, मोहरा व खुर्दा यांच्या रूपकाने कळवलेला संहार. शाळकरी मुलालाही तो तोंडपाठ असतो. म्हणूनच बहुधा त्याला आधार दिला जात नाही. परंतु निरनिराळी पुस्तके उघडून पाहिली तर मोहरांचा आकडा कोठे सत्तावीस, कोठे पंचवीस असा छापलेला आढळतो. मोत्यांची गोष्ट भाषेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. मराठीत रूढ असलेले क्रियापद ‘गळणे’ हे आहे. गळणे म्हणजे निखळून पडणे, तसेच पाझरणे व वितळणेही. डफच्या इंग्रजीत त्यांतला एकच अर्थ उरला: मोत्ये विरघळली. इंग्रजी वाचून मराठीत लिहिणारा विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘विरघळली’ असे लिहितो, अवतरणचिन्हे घालतो, आणि अठराव्या शतकातील मराठी सावकाराच्या तोंडी एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश कॅप्टनचा शब्द जाऊन बसतो. खाली ‘डफ’ असा निर्देश असेल तर जाणत्या वाचकाला हे एका दृष्टिक्षेपात कळते. निर्देश नसेल तर तो शब्द अस्सल म्हणून पुढच्या निबंधात जातो, तेथून त्याच्या पुढच्या.

काशीराज पंडिताचा वृत्तान्त हे याच जातीचे दुसरे उदाहरण. तो लढाईच्या वेळी शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याचा लेख प्रत्यक्षदर्शीचा म्हणून मोलाचा, परंतु तो लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी, फारशीत लिहिलेला. बहुतेकांच्या वाचनात येते ते जेम्स ब्राऊनचे अठराव्या शतकाच्या अखेरीचे इंग्रजी भाषांतर, किंवा त्या भाषांतरावरून केलेली मराठी रूपांतरे. विद्यार्थ्याने काशीराज फारशीत वाचला नसेल तर त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो ब्राऊन वाचून खाली केवळ ‘काशीराज’ असे लिहिण्यात. तीच गोष्ट शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या १९४६ सालच्या ग्रंथाची. शेजवलकरांनी पेशवे दप्तरातील एखाद्या पत्राचा आधार दिला असेल आणि विद्यार्थ्याने ते पत्र पाहिले नसेल, तर त्याची टीप शेजवलकरांची असली पाहिजे. अमुक पत्र, शेजवलकरांनी दिल्यावरून, असे तिने म्हटले पाहिजे. उसन्या टिपा हा विद्यार्थिनिबंधांतील सर्वांत सामान्य दोष आहे, आणि वरवर तो विद्वत्तेसारखा दिसत असल्याने परीक्षकाच्या नजरेतून निसटतो. टिपेचा कर्ता ‘हे मी पाहिले’ अशी साक्ष देत असतो. न पाहिलेल्या कागदाची टीप ही खोटी साक्ष होय, मग कागद खरा असला तरी. सरदेसायांनी १९३० नंतर संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग छापील उपलब्ध असता ही सबब तर मुळीच राहत नाही.

कालनिर्देशाच्या टिपांना मराठी इतिहासात विशेष महत्त्व आहे. पत्रांत शके, फसली, हिजरी, सुहूर, राज्याभिषेक असे नाना शक येतात. सुहूर सन अरबी अंकवाचक शब्दांनी लिहिलेला असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाच्या आरंभापासून मोजले जाते. म्हणून सुहूर ११६१ चा पूर्वार्ध इसवी सन १७६० मध्ये आणि उत्तरार्ध १७६१ मध्ये पडतो. महिना न पाहता केवळ ५९९ मिळवणारा विद्यार्थी पानिपतनंतरचे पत्र पानिपतपूर्वीचे ठरवून मोकळा होतो. मूळ मिती टिपेत जशीच्या तशी दिलेली असली तर चूक वाचकाला दुरुस्त करता येते.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद हा तर आधारांचाच इतिहास आहे. डफने जन्म मे १६२७ मध्ये दिला, आणि जवळजवळ एक शतक तो पाठ्यपुस्तकांतून चालला. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी निघाली. परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली छापून आल्यावर शके १५५१ ला समकालीन काव्याचा दुजोरा मिळाला. आज १९ फेब्रुवारी हाच दिवस शासकीय जयंतीचा आहे. त्यातही १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्यूलियन गणनेची तारीख. नव्या गणनेने ती १ मार्च होते. ज्या विद्यार्थ्याने ‘जन्म १६२७’ असे लिहून खाली डफचा आधार दिला, तो चुकला, पण कोठे चुकला हे दाखवता येते: त्याने जुने पुस्तक वाचले आणि शकावली वाचली नाही. ज्याने आधारच दिला नाही, त्याच्याशी बोलावयाचे कसे? तसेच शिवकालातील एखाद्या प्रसंगाखाली मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीचे नाव दिसले, की ती महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली हे वाचकाच्या ध्यानी येते, आणि तो त्या प्रसंगाला तेवढेच वजन देतो. विद्यार्थ्याने हे अंतर बोलून दाखवावयास हवे असेही नाही. नाव पुरते.

टिपेच्या बाह्यरूपाविषयी फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. प्रथम उल्लेखात कर्ता, ग्रंथ, प्रकाशनस्थळ, वर्ष व पृष्ठ किंवा लेखांक. पुढे आडनाव व पृष्ठ. अप्रकाशित कागद असेल तर दप्तरखान्याचे नाव आणि रुमालाचा क्रमांक. स्वल्पविराम कोठे आणि पूर्णविराम कोठे यावर गुण कापणारे परीक्षक आहेत. त्यांनी तेवढ्याच कसोशीने एखादी टीप ग्रंथ उघडून ताडून पाहिली तर अधिक बरे. आवृत्तीचा निर्देश मात्र टाळता येणार नाही. डफचाच ग्रंथ पाहावा. १८२६ ची आवृत्ती तीन खंडांची, तर एस. एम. एडवर्ड्‌स यांनी संपादिलेली १९२१ ची आवृत्ती दोन खंडांची. दोहोंतील पृष्ठे जुळत नाहीत, शिवाय दुसरीत संपादकाच्या टिपा डफच्या टिपांशेजारी बसलेल्या आहेत. आता जुनी पुस्तके संगणकावर घरबसल्या पाहावयास मिळतात, त्यामुळे हा घोटाळा उलट वाढला आहे. समोर आलेले पान कोणत्या आवृत्तीचे आहे हे पाहण्यापूर्वीच ते उतरून घेतले जाते. मग एडवर्ड्‌सचे मत डफच्या नावावर जमा होते.

कीर्तने पुढे मध्य हिंदुस्थानात संस्थानी नोकरीत गेले. १८७९ साली त्यांनी नयचंद्रसूरीचे ‘हम्मीरमहाकाव्य’ हस्तलिखितावरून संपादून मुंबईस छापविले. डफचा इतिहास आजही वाचला जातो आणि पुन्हा पुन्हा छापला जातो. मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे प्रती ठेवल्या आहेत, ही त्याची टीप पृष्ठाच्या तळाशी आपल्या जागी आहे.